तिसरीतल्या मुलीला सायन्स सेंटरच्या मुक्कामी सहलीला पाठवावं का?

मुलुंडची_आई

नमस्कार मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे, शुक्रवारपर्यंत शाळेला संमतीपत्रावर सही करून द्यायचीय. लेक तिसरीत आहे, साडेआठ वर्षांची. शाळेने डिसेंबरमध्ये तिसरी-चौथीची सहल काढलीय, कर्जतच्या बाजूला एक सायन्स सेंटर आहे तिथे, आणि ती चक्क एका रात्रीच्या मुक्कामाची. म्हणजे शुक्रवारी दुपारी शाळेतूनच बस निघणार, संध्याकाळी प्रयोग वगैरे, रात्री दुर्बिणीतून आकाश दाखवणार, मग सेंटरच्याच हॉलमध्ये गाद्या टाकून मुलं झोपणार आणि शनिवारी दुपारी जेवून परत. माणशी २२०० रुपये.

घरात दोन पार्ट्या पडल्यात. नवरा म्हणतो पाठव बिनधास्त, आम्ही तिच्या वयाचे असताना एकटे लोकलने दादरला क्लासला जायचो. (सासूबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं की चौथी संपेपर्यंत त्याच सोडायला जायच्या.) पण सासूबाईंचं म्हणणं, एवढीशी पोर रात्रीची परक्या ठिकाणी कशाला, दिवसा नेऊन आणा की. लेक एक दिवस जायचं जायचं म्हणून नाचते आणि त्याच रात्री कुशीत शिरून विचारते, आई तू पण येशील ना. आजोळ सोडून कुठेच राहिलेली नाही, आणि आजोळीही मी बरोबर असतेच.

तर मला हे विचारायचंय की रात्रभर ठेवून असं काय दाखवतात जे दिवसा होत नाही? की नुसतीच मजा? मजा असली तरी हरकत नाही, पण मग तसं सांगा ना. आणि शाळेला नक्की काय काय विचारून घ्यायचं, कारण वर्गाच्या ग्रुपवर सगळे नुसता अंगठा टाकतायत आणि मी काही विचारलं की मीच कटकटी ठरते.

गिरगावचा_चहाबाज

पाठवू नका असं म्हणणार नाही पण २२०० जरा जास्तच वाटतात हो. वरळीला नेहरू सायन्स सेंटर १९८५ पासून उभं आहे, तिथून जवळच नेहरू तारांगण, ते तर १९७७ पासूनचं. महालक्ष्मीला उतरायचं, टॅक्सी करायची, दिवसभर पोरं हुंदडतात. बाहेरच्या बागेत खरंखुरं वाफेचं इंजिन आहे, मारुत हे आपलं एचएफ-२४ लढाऊ विमान आहे, आत हात लावून बघायचे शेकडो प्रयोग. तारांगणात मराठीतून पण शो असतो. रविवारी तुम्ही, मिस्टर आणि सासूबाई चौघं जाऊन आलात तरी एवढे पैसे लागणार नाहीत, वर येताना दादरला उतरून खाऊनपिऊन या.

मला विचाराल तर हल्ली पिकनिकला सायन्सचं लेबल लावलं की पालक गप पैसे भरतात. झोपायला सायन्स कशाला लागतंय.

फळा_खडू

मी प्राथमिकला शिकवते, भांडुपला. अशा मुक्कामी सहलींना चौथीच्या मुलांना घेऊन गेलेय त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, चहाबाज काका रागावू नका.

वरळीचं सेंटर उत्तमच आहे, आम्ही पण नेतो. पण काका, तुम्ही घरच्या चौघांचं बोलताय आणि मी साठ मुलांचं. दिवसाच्या सहलीत काय होतं माहितीये का, आमच्या पुढे एक शाळा, मागे दोन शाळा, एकेका यंत्रापाशी मूल जेमतेम हात लावतंय तोवर मागून शिट्टी, चला पुढे चला पुढे. घरी आल्यावर आईने विचारलं काय बघितलं तर उत्तर, वडापाव मस्त होता. रात्री थांबलं की बाकीच्या शाळा गेलेल्या असतात, हॉल पूर्ण आपला, एखादं पोर आरशांच्या चक्रव्यूहात सात वेळा गेलं तरी कोणी हटकत नाही. आणि खरं सांगू का, सातव्या वेळेलाच ते विचारतं की बाई, मी एवढा आणि आरशात एवढे कसे.

दुसरं म्हणजे काही गोष्टींना रात्र जावीच लागते. आम्ही गेलो होतो तिथे जिन्याच्या मोकळ्या जागेत वरपासून खालपर्यंत एक मोठा लंबक टांगलेला होता, फूकोचा लंबक म्हणतात तो. खाली विद्युतचुंबक हळूच धक्का देत राहतो म्हणून तो थांबत नाही. रात्री नऊला मुलांनी तो ज्या रेषेत झुलत होता तिथे फरशीवर खडूने रेघ मारली, रेघेच्या टोकाला सगळ्यांनी आपापल्या नावाची अक्षरं लिहिली. सकाळी सहाला दात घासायच्या आधी धावत गेली तर लंबक भलत्याच दिशेला झुलतोय! एकाने लगेच निकाल दिला, वॉचमनकाकांनी हलवला असणार. वॉचमनकाका बिचारे शपथा घेतायत. मग दुसरी म्हणाली काकांनी फरशी फिरवली. मी म्हटलं, हां, तू बरोबरच्या जवळ आलीस, फरशी फिरली, पण काकांनी नाही फिरवली. आपल्या अक्षांशावर ती रेषा तासाला पाचेक अंश सरकते, म्हणजे नऊ तासांत चव्वेचाळीस अंशांच्या आसपास, काटकोनाच्या जवळपास निम्मी. फूकोने १८५१ साली पॅरिसला हे दाखवलं, तिथे ती तासाला अकरा अंशांहून जास्त सरकते कारण पॅरिस ध्रुवाच्या जास्त जवळ, आणि विषुववृत्तावर अजिबातच सरकत नाही. हे आकडे चौथीला कळायची गरज नाही. पण जमीन फिरते हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपण मारलेली रेघ चुकलेली बघणं वेगळं. दिवसा दोन तासांच्या फेरीत तो दहा अंशांचा फरक मुलांच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा आधी शाळेला विचारा की रात्रीचा कार्यक्रम काय आहे. डीजे आणि कॅम्पफायर असं उत्तर आलं तर काकांचं ऐका.

ठाणेकर_बाबा

शिक्षणाचं बाई बोलल्यात, मी बापाचं बोलतो. बदलापूरचं प्रकरण झाल्यापासून आमच्या इथल्या पालकांनी लाजणं सोडलंय, तुम्ही पण सोडा, कटकटी म्हटलं तर म्हणू दे. हे सगळं लेखी विचारा, म्हणजे व्हॉट्सॅपवर नाही, डायरीत किंवा मेलवर, की बरोबर शिक्षिका किती आणि त्यातल्या रात्री मुलींच्या हॉलमध्ये झोपणाऱ्या किती, मुलामुलींचे हॉल वेगळे का, टॉयलेट हॉललाच लागून आहे की अंगणातून जायचंय आणि रात्री दोन वाजता मूल उठलं तर बरोबर कोण जाणार, सेंटरच्या पुरुष कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झालीय का, बाहेरच्या बाजूला आणि पॅसेजला कॅमेरे आहेत का, शिक्षणाधिकाऱ्यांची सहलीला परवानगी घेतलीय का, जवळचं हॉस्पिटल कुठलं आणि रात्रभर तिथे उभी राहणारी गाडी आहे का की बस सोडून परत येणार.

शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी, मुलांच्या सुरक्षेसाठीची, शासनाचाच निर्णय आहे, त्यात पालक प्रतिनिधी असतात, त्यांना गाठा. तुम्ही एकटीने विचारण्यापेक्षा समितीकडून प्रश्न गेला की शाळा नीट उत्तर देते.

बसचं पण विचारा. एसटी शालेय सहलीला निम्म्या भाड्यात गाडी देते तरी बऱ्याच शाळा खासगी घेतात. खासगी असेल तर हरकत नाही पण अंधार पडायच्या आत पोचणार का ते बघा, दुपारी निघून कर्जतला उशीर व्हायचं कारण नाही पण आपल्याकडची शुक्रवारची ट्रॅफिक तुम्हाला माहितीच आहे.

आणि लेकीला १०९८ नंबर पाठ करून घ्या, चाइल्डलाइन. सहलीसाठी असं नाही, एरवी पण. घाबरवून नाही, घरचा नंबर पाठ करतो तसा.

मुलुंडची_आई

बाबा, तुमचा मेसेज जसाच्या तसा कॉपी करून डायरीत चिकटवू का 😄 खरंच आभार. फळा_खडू ताई, लंबकाचं वाचून नवरा म्हणतोय पालकांना नेत नाहीत का.

अजून एक आहे, इथे कोणी ओळखत नाही म्हणून विचारते. लेकीचं कधीमधी रात्री अंथरूण ओलं होतं. रोज नाही, दमली किंवा खूप पाणी प्यायली की. तिला स्वतःला ते माहितीये आणि मला वाटतं ती "तू पण येशील ना" म्हणते ते त्यासाठीच. वर्गात कोणाला कळलं तर पुढची दोन वर्षं चिडवतील. ह्या एका गोष्टीसाठी नाही म्हणावं का?

दोन_पोरांची_माय

अगं अजिबात नाही. सात वर्षांच्या दहा मुलांत एखाद्याला हे असतंच, आमच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, आणि मोठी होतील तसं आपोआप कमी होत जातं. म्हणजे साठ मुलांच्या हॉलमध्ये तुझी एकटी नसणार, फक्त बाकीच्या आया इथे लिहीत नाहीयेत. माझा धाकटा तसाच होता.

आम्ही काय केलं ते सांगते. वर्गशिक्षिकेला ग्रुपवर नाही, समोर जाऊन एकटीला गाठून सांगितलं. त्या म्हणाल्या मी त्याला झोपायच्या आधी टॉयलेटला नेते आणि मग साडेअकराला मी झोपायला जाताना उठवते, आणि त्याची गादी दाराजवळ टाकते म्हणजे उठला तरी कोणाच्या अंगावरून जावं लागणार नाही. बॅगेत खाली एक काळी प्लॅस्टिकची पिशवी, त्यात पँट, एक टॉवेल आणि गादीवर घालायचं रबरी कापड, वरून त्याचीच नेहमीची चादर. त्याला सांगून ठेवलं होतं की तसं झालं तर पिशवीत कोंबायचं आणि गाठ मारायची, घरी आल्यावर मी बघेन, कोणाला काही बोलायचं नाही. पाणी दिवसभर भरपूर दे, सहानंतर बेताने. पाणीच पिऊ नको असं मात्र सांगू नकोस, पोरं ते इतकं मनावर घेतात की दिवसभर तहानलेली राहतात. डॉक्टर हल्ली एखाद्या रात्रीपुरतं औषध पण देतात काहींना, ते तुमच्या डॉक्टरांना विचार, इथे नावं नको.

आणि तिला तूच विचार ना उघडपणे की ह्याची काळजी वाटतेय का. मला वाटतं हो म्हणेल आणि मग अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

मृगशीर्ष

थोडा उशिरा आलो. मी आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांना स्वयंसेवक म्हणून जातो, शाळांच्या अशा मुक्कामांना पण मदतीला बोलावतात. बऱ्याच गोष्टी आल्यात, राहिलेल्या लिहितो.

ही मुक्कामाची कल्पना आपल्याकडे नवीन वाटते पण अमेरिकेत ओहायोमधल्या कोलंबस शहरात कोसाय नावाचं सायन्स सेंटर आहे, त्यांनी १९७२ मध्येच मुलांना रात्री सेंटरमध्ये झोपवायचा कार्यक्रम सुरू केला, पुढे इतर म्युझियमांनी तो उचलला. त्यामुळे झोपायला सायन्स कशाला ह्या काकांच्या प्रश्नाला पन्नास वर्षं झाली 🙂

कर्जतची बाजू निवडलीय ते बरंच केलंय. मुंबईच्या आकाशात दिव्यांमुळे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या चांदण्या उरल्यात. आकाशवेडी मंडळी म्हणून तर वर्षानुवर्षं कर्जत लाइनवर वांगणीला जाऊन रात्र काढतात. डिसेंबर म्हणजे तर पर्वणी. रात्री नऊ-साडेनऊला मृग नक्षत्र पूर्वेला आलेलं असतं, खाली व्याध, वर रोहिणी आणि कृत्तिका. मध्यरात्री मृग डोक्याजवळ आणि पहाटे साडेपाचला तोच पश्चिमेला टेकायला आलेला, आणि उत्तरेला सप्तर्षी छान वर. मुलांना रात्री एकदा आणि पहाटे एकदा दाखवलं की ती स्वतःच सांगतात, सगळं सरकलं. मग ध्रुव दाखवायचा, तो जागेवरच. आपल्याकडे तो क्षितिजापासून एकोणीसेक अंशांवर, म्हणजे हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली की साधारण दोन मुठी. मुलं ह्या दोन मुठी विसरत नाहीत, गच्चीवर जाऊन बापाला दाखवतात.

शाळेला तारीख पक्की विचारा आणि कालनिर्णय उघडून तिथी बघा. पौर्णिमेच्या आसपास असेल तर फिकट तारे गेलेच, आणि चंद्र पण सपाट दिसतो कारण सावल्या नसतात. शुद्ध अष्टमीच्या जवळपास असेल तर चंद्रावरचे खड्डे दुर्बिणीत असे काही दिसतात की मुलं आय शप्पथ म्हणतात, आणि मध्यरात्रीनंतर चंद्र मावळतो त्यामुळे पहाटेचं आकाश काळंभोर मिळतं. अमावास्येला चंद्र नाही पण तारे झकास. आणि टॉर्च द्यायची असेल तर काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबर लावून बसवा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं जातात आणि एकाने पांढरा टॉर्च किंवा मोबाइल चमकवला की सगळ्यांची मेहनत पाण्यात.

आता आतल्या कार्यक्रमाचं एक. वॅन डी ग्राफ म्हणून एक यंत्र असतं, खांबावर मोठा चकचकीत धातूचा गोळा, आत पट्टा फिरतो आणि गोळ्यावर विद्युतभार साठत जातो. मुलीला प्लॅस्टिकच्या स्टुलावर उभी करायची, हात गोळ्यावर, यंत्र चालू, आणि केस एकेक करून उभे राहायला लागतात कारण सगळ्या केसांवर एकाच प्रकारचा भार, ते एकमेकांना ढकलतात. पावसाळ्यात हे यंत्र रुसतं, दमट हवेत भार निसटून जातो, डिसेंबरच्या कोरड्या हवेत मात्र मस्त चालतं. पण! आपल्याकडे सहलीला निघताना आजी मुलींच्या डोक्यावर खोबरेल थापते, दोन वेण्या घट्ट, वर रिबिनी. त्या मुली स्टुलावर उभ्या राहतात आणि काहीही होत नाही, तेलाने चिकटलेले केस कसले उभे राहतायत, आणि शेजारी बॉयकट केलेल्या मुलीचं डोकं पिंजारलेल्या कापसासारखं फुललेलं. एकदा एक चौथीतली मुलगी इतकी हिरमुसली की तिने रात्री बेसिनवर जाऊन कपड्याच्या साबणाने डोकं धुतलं. थंडीत. बाईंची नुसती धावपळ. तर सासूबाईंना प्रेमाने सांगा, त्या दिवशी तेल नको, आणि साधा सैल रबर.

रडण्याचं पण सांगतो, कारण ते होणारच. दिवसभर कोणी रडत नाही. दिवे मालवले की दहा-पंधरा मिनिटांनी एका कोपऱ्यातून मुसमुसणं सुरू होतं आणि एकाचं ऐकून दुसऱ्याला घर आठवतं. अनुभवी बाई असल्या की रडणाऱ्या मुलाला बाहेरच्या पॅसेजमध्ये नेतात, पाणी देतात, काहीतरी काम देतात, उदा. सकाळच्या बिस्किटांचे पुडे मोजायला. घरी फोन लावून देत नाहीत. त्यामुळे नऊ वाजता तुम्ही फोन करायचा नाही, कितीही वाटलं तरी. तोवर बरं खेळत असलेलं पोर आईचा आवाज ऐकला की कोसळतं.

गिरगावचा_चहाबाज

कोसायचं माहिती नव्हतं. बरं, लंबकाचं पटलं, तेवढं मान्य. पण २२०० चा हिशोब शाळेने द्यावा, बस किती, जेवण किती, सेंटरची फी किती, ह्यावर मी ठाम आहे. ज्यांना परवडत नाही त्या मुलांचं काय करतात तेही विचारा, वर्गातली चार-पाच पोरं मागे राहतात आणि सोमवारी बाकीचे दिवसभर त्याच गप्पा मारतात, हे आम्ही आमच्या वेळी भोगलंय.

फळा_खडू

काका, हा मुद्दा एकदम बरोबर. चांगली शाळा थोडे पैसे त्यासाठी बाजूला ठेवते पण गाजावाजा करत नाही. विचारायला हवंच.

मुलुंडची_आई

अपडेट देते. आज शाळेत जाऊन आले. बाई जरा चकित झाल्या पण चिडल्या नाहीत. मुलींचा हॉल वेगळा आहे, तिथे तीन शिक्षिका आणि एक मावशी झोपणार, टॉयलेट हॉललाच लागून, बस रात्रभर तिथेच उभी राहणार. पडताळणीचं लेखी मागवून देतो म्हणाले, ते आल्याशिवाय मी सही करणार नाही असं सांगून आले. पैशाचा हिशोब मागितला तर मुख्याध्यापिका म्हणाल्या पालकसभेत मांडू. दोन मुलांचे पैसे शाळा भरतेय, नावं सांगितली नाहीत, मी पण विचारली नाहीत. कार्यक्रमात आकाशदर्शन रात्री आणि पहाटे दोन्ही वेळा आहे, डीजे नाही. कालनिर्णय बघितलं, अमावास्या जवळ येतेय.

अंथरुणाचं वर्गशिक्षिकेला एकटीला सांगितलं. त्यांनी वहीत काहीही न लिहिता फक्त मान हलवली आणि म्हणाल्या अजून तिघीजणी आहेत, गाद्या दाराजवळच टाकणार आहोत. घरी येऊन लेकीला तिघीजणी सांगितलं, नावं नाही, तर ती म्हणाली मला माहितीये त्यातली एक कोण ते.

सासूबाई तेलाच्या मुद्द्यावर अडून बसल्यात. थंडीत तेल नाही म्हणजे डोकं दुखणार. स्वेटर किती जाड द्यायचा हा पण वाद चालू आहे, मुंबईत आम्ही स्वेटर काढतोच कुठे, मागच्या वर्षीचा तिला होतच नाहीये.

दोन_पोरांची_माय

एक जाड स्वेटर देण्यापेक्षा दोन पातळ दे, आत बनियन, कानटोपी आणि मोजे. त्या बाजूला पहाटे चांगलंच गार असतं, आपली मुंबईची पोरं पंख्याखाली झोपणारी, लगेच शिंकायला लागतात. आणि तेल आदल्या दिवशी लावू दे सासूबाईंना, शुक्रवारी सकाळी शाम्पू, दोघींचं समाधान.

फळा_खडू

सगळ्या वस्तूंवर नाव घाला, मोजे सुद्धा. पाण्याच्या बाटल्या निम्म्या वर्गाच्या एकसारख्या असतात आणि परतीच्या बसमध्ये त्यावरूनच भांडणं होतात. बस लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी बाईंच्या हातात द्या, बॅगेत नको, आणि सकाळी दुधाऐवजी कोरडं काहीतरी खायला. कॅमेरा, घड्याळवाला फोन वगैरे देऊ नका, हरवला की बाईंची अर्धी रात्र तो शोधण्यात जाते. मी तर पालकांना सांगते रात्री दहाला एक मेसेज ग्रुपवर टाकेन, सगळे झोपले म्हणून. तो आला की फोन बाजूला ठेवा आणि तुम्ही पण झोपा, तेव्हा निम्मी जागीच असतात.